आफ्रिकन स्वाइन फीवरची जनुक वगळलेली लस: कुपी दारात आली आहे, ती वापरावी का?

डोंगरपायथा

नमस्कार. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला असून गेली सहा वर्षे मेघालयातील री-भोई जिल्ह्यात एका स्वयंसेवी संस्थेसोबत काम करतो. आमच्या बचत गटांतील बहुतेक खासी कुटुंबांच्या घरामागे दोन ते पाच डुकरे असतात. मुलांची फी, दवाखान्याचा खर्च, घरातले लग्न, या सगळ्यांची सोय त्या दोन-पाच जनावरांवर अवलंबून असते. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग प्रथम आढळला आणि त्यानंतर ईशान्येतील जवळजवळ प्रत्येक राज्याने त्याची झळ सोसली. आमच्या एका गटातील अकरा घरांपैकी नऊ घरांतील डुकरांचे वाडे तीन आठवड्यांत रिकामे झालेले मी स्वतः पाहिले आहेत.

गेल्या आठवड्यात एक व्यापारी गावात येऊन गेला. त्याच्याजवळ बोटाच्या दोन पेरांएवढ्या काचेच्या कुप्या होत्या, तळाशी पांढरट, कोरडा थर होता आणि लेबलावर व्हिएतनामी अक्षरे होती. मुदतीची तारीख जिथे असावी तिथली शाई पुसली गेली होती. सीमेपलीकडून आलेली ही खरी लस आहे, विषाणूतील एक जनुक काढून ती तयार केली आहे आणि एका टोचणीत डुक्कर कायमचे सुरक्षित होते, असे त्याने सांगितले. बायकांनी पैसे गोळा करायला सुरुवातही केली होती. मी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले आहे.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे, त्यामुळे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती आहे. अशी लस खरोखर अस्तित्वात आहे का? रोगाला कारणीभूत असलेले जनुक काढून टाकले असेल, तर धोका नेमका कशात उरतो? आणि करोनाची लस वर्षभरात तयार झाली, मग शंभर वर्षे माहीत असलेल्या या रोगाची सर्वमान्य लस अजून का नाही? हा शेवटचा प्रश्न मला गावात रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर मला देता येत नाही.

पेशीपात्र

आपण बायकांना थांबवलेत हे फार योग्य केलेत. मी विषाणूशास्त्रात संशोधन करते. माझे काम डुकरांच्या दुसऱ्या एका विषाणूवर आहे, पण या विषयातील घडामोडींचा मी बरीच वर्षे पाठपुरावा करत आले आहे.

अशी लस अस्तित्वात आहे. अमेरिकेतील प्लम आयलंड येथील संशोधकांनी जॉर्जिया या देशात २००७ मध्ये सापडलेल्या विषाणूतून आय-१७७-एल हे एकच जनुक वगळले, आणि अत्यंत मारक असलेला तो विषाणू इतका सौम्य झाला की टोचलेली डुकरे आजारी पडली नाहीत आणि नंतर दिलेल्या मूळ विषाणूलाही त्यांनी दाद दिली नाही. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारित लसीला व्हिएतनामने २०२२ मध्ये मर्यादित वापराची आणि २०२३ मध्ये देशभर विक्रीची परवानगी दिली. त्याच देशातील दुसऱ्या लसीत वेगळी जनुके वगळलेली आहेत. ती मल्टिजीन कुटुंबांतील (एकमेकांसारख्या जनुकांच्या गटांतील) आहेत आणि डुकराच्या शरीराची पहिली संरक्षक यंत्रणा, म्हणजे इंटरफेरॉन, दाबून ठेवण्याचे काम ती करतात. ती काढली की शरीराला विषाणूची वेळेवर चाहूल लागते.

आता करोनाशी तुलना. करोना विषाणूच्या पृष्ठभागावर एक काटेरी प्रथिन आहे. त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार झाली की विषाणूचा पेशीत शिरण्याचा मार्ग बऱ्याच अंशी अडतो. आफ्रिकन स्वाइन फीवरच्या विषाणूचा जनुकसंच करोनाच्या पाच-सहा पट लांब आहे, त्यात दीडशेहून अधिक जनुके आहेत आणि एका विषाणूकणात साठाहून अधिक प्रकारची प्रथिने सापडतात. त्यातले कोणते एक प्रथिन दाखवले म्हणजे डुक्कर वाचेल, याचे उत्तर मिळालेले नाही. भर म्हणजे हा विषाणू मुख्यतः मॅक्रोफेज पेशींत वाढतो. बाहेरून आलेला शत्रू गिळून टाकणे हे ज्या पेशींचे काम, त्याच पेशी तो आपले घर करतो. मृत विषाणूपासून केलेल्या लसींनी प्रतिपिंडे तयार झाली, तरी डुकरे वाचली नाहीत. म्हणून दुर्बल केलेला जिवंत विषाणू हाच आजवर सर्वांत परिणामकारक ठरलेला मार्ग आहे, आणि धोकाही तिथेच आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू कसा ओळखतात हे सांगते, म्हणजे जनुक वगळण्याचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. डुकराच्या रक्तातून मॅक्रोफेज वेगळ्या करून काचपात्रात वाढवतात, त्यांत संशयित नमुना मिसळतात आणि डुकराच्याच थोड्या तांबड्या पेशी घालतात. विषाणू असेल तर एक-दोन दिवसांत प्रत्येक बाधित पेशीभोवती तांबड्या पेशी चिकटून गोल गजऱ्यासारखी रचना दिसते. हे दृश्य १९६० पासून निदानासाठी वापरले जाते. ते सीडी-२-व्ही नावाच्या प्रथिनामुळे घडते. त्याचे जनुक वगळले की विषाणू वाढतो, पण गजरा दिसत नाही. एक जनुक गेल्याने विषाणूचा एक गुण जातो. बाकीचा विषाणू जिवंतच असतो, डुकराच्या शरीरात वाढतो, आणि काही जनावरांच्या रक्तात काही काळ फिरतही राहतो.

अशा विषाणूची घाई केल्यास काय होते हे १९६०च्या दशकात पोर्तुगालने पाहिले आहे. तेव्हा जनुके कापण्याचे तंत्र नव्हते. पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून विषाणू दुर्बल केला होता, आणि साडेपाच लाखांहून अधिक डुकरांना ती लस दिली गेली. सव्वा लाखाहून अधिक जनावरांत न्यूमोनिया, लंगडेपणा, कातडीवर व्रण, गर्भपात आणि मृत्यू अशा प्रतिक्रिया नोंदल्या गेल्या. त्याहून वाईट म्हणजे आयबेरियात (स्पेन आणि पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) वरून धडधाकट दिसणारी, पण विषाणू बाळगणारी डुकरे उरली आणि रोग वर्षानुवर्षे रेंगाळला. स्पेन शेवटी १९९५ मध्ये मुक्त झाला तो रक्ततपासणी, वाहक जनावरे काढून टाकणे आणि वाड्यांची सुधारणा यांच्या बळावर, लसीशिवाय. ही आठवण असल्यामुळेच आज संशोधक एवढे जपून पावले टाकतात.

ग्रामपशुवैद्य

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. मी शासकीय सेवेतून निवृत्त झालेला पशुवैद्य आहे, म्हणून प्रयोगशाळेपेक्षा वाड्यातल्या गोष्टींबद्दल लिहितो.

व्हिएतनाममध्ये २०२२ च्या ऑगस्टमध्ये लस दिल्यानंतर काही प्रांतांत शेकडो डुकरे मेली आणि वापर तात्पुरता थांबवावा लागला. ती लस आठ ते दहा आठवडे वयाच्या, निरोगी, मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या डुकरांसाठी होती. चौकशीत असे पुढे आले की काही ठिकाणी या गटात न बसणाऱ्या जनावरांनाही ती देखरेखीविना टोचली गेली होती. आपल्या गावातील वाड्यात एक म्हातारी मादी, एक गाभण मादी, सहा आठवड्यांची पिल्ले आणि एक वाढता नर असे सगळे एकाच छपराखाली असतात. कुपी एकदा फोडली की ती वाया जाऊ नये म्हणून माणूस सगळ्यांना टोचतो. मी स्वतः लसीकरणाला गेलो असता पिल्लांनाही थोडे थोडे द्या, असा आग्रह मला कितीतरी वेळा झाला आहे, आणि तो करणारी माणसे प्रेमापोटीच करत होती.

दुसरी गोष्ट शीतसाखळीची. कोरड्या स्वरूपातील जिवंत लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते आणि विद्रावकात मिसळल्यावर थोड्याच तासांत संपवावी लागते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून आलेल्या क्लासिकल स्वाइन फीवरच्या लसीचे खोके मी उघडले, तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट झालेल्या होत्या. कागदोपत्री सर्व ठीक होते. वरिष्ठांना कळवूनही बदली माल वेळेत आला नाही, आणि त्या हंगामात ज्या वस्तीला मी लस देऊ शकलो नाही तिथे रोग आला. तेव्हापासून कुपी हातात घेतल्यावर ती कुठून कशी आली हे मी आधी विचारतो. आपल्या व्यापाऱ्याच्या कुपीवर तारीखच नाही. त्या पांढऱ्या थरात काय आहे हे कोणालाही सांगता येणार नाही. लसीचा विषाणू असेल, मेलेला विषाणू असेल, किंवा कोणीतरी आजारी डुकराच्या रक्तापासून घरीच केलेले काहीतरी असेल. तिसरी शक्यता मला सर्वांत भयंकर वाटते.

भारतात या रोगाच्या कोणत्याही लसीला परवानगी नाही हेही बायकांना स्पष्ट सांगावे. आणखी एक मुद्दा राहू नये: क्लासिकल स्वाइन फीवर हा नावाने सारखा वाटणारा, पण पूर्णपणे वेगळ्या विषाणूचा रोग आहे. ताप, कानांवर निळसर-जांभळे डाग, अडखळती चाल, एकाएकी मरतूक अशी त्याची लक्षणे आफ्रिकन स्वाइन फीवरपासून नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाहीत. त्याची लस मात्र आपल्याकडे अधिकृतपणे मिळते. पूर्वी ती सशांच्या प्लीहेपासून केली जात असे, एका सशापासून जेमतेम ५० मात्रा निघत, आणि देशाची गरज त्यातून कधीच भागली नाही. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशीसंवर्धनात वाढवलेली लस तयार केल्यानंतर हे चित्र बदलू लागले. निदान त्या एका रोगापासून तरी आपल्या गटांची डुकरे वाचवता येतील, त्यासाठी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात मागणी नोंदवा. आणि डुक्कर मेले तर ते गावात कापू नका. सांडलेल्या रक्तात हा विषाणू दीर्घकाळ जिवंत राहतो.

डोंगरपायथा

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, शेवटचा मुद्दा मी आजच खासीत भाषांतर करून घेतला. इथे मेलेल्या डुकराचे मांस वाटून घेण्याची पद्धत आहे आणि गरिबीत ती मोडणे सोपे नाही.

एक शंका उरते. पेशीपात्र ताईंच्या लिखाणावरून असे वाटते की जनुक वगळलेली लस हा मार्गच मुळात धोक्याचा आहे. डुकरांच्या इतर कुठल्या रोगात हे तंत्र यशस्वी झाले आहे का? तसे उदाहरण असेल, तर लोकांना मी पूर्ण निराश करणार नाही.

कुपी ते कळप

आहे, आणि ते उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. मी लसनिर्मितीत पंचवीस वर्षे काम केले आहे. पेशीपात्र यांच्या माहितीत चूक काहीच नाही, मात्र त्यांचा सूर मला थोडा अधिक निराश वाटला.

ऑयस्की रोग हा डुकरांतील नागीणवर्गीय (हर्पिस) विषाणूचा रोग आहे. १९०२ मध्ये हंगेरीतील अलादार ऑयस्की यांनी त्याचे वर्णन केले. पिल्ले चेतासंस्थेच्या विकाराने मरतात, गाभण माद्या गाभडतात आणि मोठी डुकरे बरी झाल्यावरही विषाणू आयुष्यभर मज्जातंतूंत दडवून ठेवतात. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेने या रोगाविरुद्ध जनुकीय अभियांत्रिकीने घडवलेल्या जिवंत लसीला परवाना दिला. तिच्यातून थायमिडीन कायनेज हे जनुक वगळले होते. हे जनुक नसले की विषाणूला मज्जापेशींत नीट वाढता येत नाही. जनुकीय बदल केलेला जिवंत विषाणू जगात प्रथमच असा परवाना घेऊन बाहेर पडत होता, त्यामुळे मोठा वाद झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये परवाना काही दिवस स्थगितही झाला आणि फेरतपासणीनंतर पुन्हा लागू झाला. तो आक्षेप घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. नवे जिवंत विषाणू उघड्यावर सोडताना कोणीतरी थांबा म्हटलेच पाहिजे.

तथापि त्या रोगाचा खरा निकाल लावला तो दुसऱ्याच जनुकाने, ग्लायकोप्रोटीन-ई च्या. हंगेरीतील बार्था या जुन्या लसीच्या विषाणूत हे प्रथिन नसल्याचे पुढे लक्षात आले. कोणी मुद्दाम कापले नव्हते, वारंवार वाढवताना ते आपोआप गळले होते. रानातल्या विषाणूत मात्र ते असतेच. त्यामुळे रक्तात या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दिसली तर डुकराला खरा संसर्ग झाला आहे, आणि ती नसून बाकीची प्रतिपिंडे दिसली तर त्याला केवळ लस मिळाली आहे, असा स्पष्ट निवाडा करता येऊ लागला. अशा लसीला आम्ही खूणवाली लस म्हणतो. त्यानंतर जनुक मुद्दाम वगळून अशाच लसी तयार झाल्या. सगळ्या कळपाला लस द्यायची, रक्त तपासायचे, खूण दाखवणारी तेवढी जनावरे काढायची, असे वर्षानुवर्षे चालले. जर्मनी २००३ मध्ये मुक्त झाली आणि अमेरिकेतील व्यावसायिक कळपांतून २००४ मध्ये हा रोग हटला. लाखो निरोगी डुकरे मारावी लागली नाहीत. १९९७-९८ मध्ये नेदरलँड्समध्ये क्लासिकल स्वाइन फीवर आला, तेव्हा लसीची अशी खूण हाताशी नसल्याने आणि जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आल्याने सुमारे एक कोटी डुकरे मारावी लागली, आणि त्यांतील बहुसंख्य आजारी नव्हती. हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की खुणेचे मोल कळते.

आफ्रिकन स्वाइन फीवरच्या सध्याच्या लसींत माझ्या मते सर्वांत मोठी उणीव हीच आहे. विषाणूचा डीएनए रक्तात सापडत राहतो तोवर, आय-१७७-एल आहे की नाही हे पाहून लसीचा विषाणू आणि रानटी विषाणू वेगळे ओळखता येतात. पण रक्तातील प्रतिपिंडांवरून लस घेतलेले डुक्कर आणि रोगातून उठलेले डुक्कर यांत भेद करणारी भरवशाची तपासणी या लसीबरोबर मिळत नाही. म्हणजे गुपचूप टोचलेल्या गावात पाहणीसाठी आलेल्या पथकाला प्रत्येक डुक्कर बाधित दिसेल, आणि आपल्या बायकांची लसवंत जनावरेही मारली जातील. हा धोका त्यांना नीट समजावून सांगा, तो विज्ञानापेक्षा लवकर पटतो.

निर्मितीची अडचणही आहे. मॅक्रोफेज पेशी काही दिवसच जगतात, त्यामुळे लसीच्या प्रत्येक खेपेसाठी नव्या डुकरांच्या पेशी काढाव्या लागतात आणि त्या डुकरांसोबत दुसरे विषाणू आत येण्याची भीती असते. कायम वाढत राहणाऱ्या पेशीवंशात विषाणू वाढवायला गेलो की तो त्या पेशींना सरावतो, जनुकसंचाचे तुकडे गमावतो आणि कधी कधी डुकराला संरक्षण देण्याची ताकदही हरवून बसतो. प्लम आयलंडच्या गटाने पेशीवंशात वाढणारी सुधारित आवृत्ती तयार केली आहे, हे मला फार आशादायक वाटते. फिलिपाइन्सने २०२४ च्या ऑगस्टमध्ये बतांगास प्रांतात सरकारी देखरेखीखाली व्हिएतनामी लस द्यायला सुरुवात केली. कोणाला, कधी, किती दिली याची नोंद ठेवून झालेल्या अशाच वापरातून पुढचे ज्ञान मिळते.

जिवंत विषाणूशिवायचे मार्गही डुकरांत यशस्वी झाले आहेत. सर्कोव्हायरस या डुकरांच्या विषाणूच्या कवचाचे प्रथिन कीटकांच्या पेशींत तयार करून केलेली लस २००६ पासून बाजारात आहे आणि तिने वाढत्या पिल्लांची मरतूक खूप कमी केली. क्लासिकल स्वाइन फीवरसाठीही एका प्रथिनावर आधारलेल्या लसी आहेत. तिथे कोणते प्रथिन दाखवायचे हे माहीत होते, एवढाच फरक.

पेशीपात्र

सुराबद्दलची आपली टीका मी मान्य करते. ऑयस्कीचे उदाहरण मी द्यायला हवे होते.

तरीही एक भर घालते, कारण ती थेट या कुप्यांशी संबंधित आहे. जानेवारी २०२१ मध्ये चीनमधील काही मादी-संगोपन केंद्रांत मल्टिजीन कुटुंबातील आणि सीडी-२-व्हीचे जनुक नसलेले विषाणू सापडल्याचे वृत्त आले, आणि त्यांचा उगम बेकायदा लसींत असावा असा संशय व्यक्त झाला. त्या डुकरांची मरतूक कमी होती, पण रोग रेंगाळत होता आणि लवकर ओळखू येत नव्हता. पुढे २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी या विषाणूच्या दोन वंशांच्या, म्हणजे जनुकप्रकार १ आणि जनुकप्रकार २ यांच्या, संकरातून झालेला अतिशय मारक विषाणू नोंदवला. त्याच्यापुढे जनुकप्रकार २ पासून केलेली सात जनुके वगळलेली लस डुकरांना वाचवू शकली नाही. तसाच विषाणू उत्तर व्हिएतनाममध्येही आढळला. दोन विषाणू एकाच डुकरात एकाच वेळी असले की असा संकर होऊ शकतो. नोंद नसलेली जिवंत लस रोग चालू असलेल्या गावात टोचणे म्हणजे नेमकी तीच परिस्थिती निर्माण करणे.

आसामात पिग्मी हॉग हे जगातले सर्वांत लहान रानडुक्कर आहे, तेही मोजकेच उरले आहे. वाड्यातला विषाणू मानस राष्ट्रीय उद्यानाच्या गवताळ रानात पोहोचला तर ते नुकसान भरून येणार नाही. तुमच्या गावाचा निर्णय त्या रानापर्यंत जातो, म्हणून एवढे लिहिले.

जागतिक पशुआरोग्य संघटनेने मे २०२५ मध्ये या लसींसाठी आंतरराष्ट्रीय निकष मंजूर केले. लस घेतलेल्या डुकराला ताप किती येतो, विषाणू शेजारच्या डुकराकडे जातो का, डुकरांतून डुकरांत नेल्यावर तो पुन्हा मारक होतो का, हे सारे आता तपासून दाखवावे लागेल. व्यापाऱ्याला यांतला एकच प्रश्न विचारा: याची तपासणी कुठे झाली?

डोंगरपायथा

काल संध्याकाळी बैठक घेतली. वरील मजकुरातला पोर्तुगालचा भाग आणि लसवंत डुक्करही तपासणीत बाधित दिसेल हा भाग मी सांगितला. दुसऱ्या भागावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गटाच्या अध्यक्ष असलेल्या काँग यांनी (इकडे मोठ्या बहिणीला काँग म्हणतात) गोळा झालेले पैसे ज्याचे त्याला मोजून परत केले.

व्यापाऱ्याने एक कुपी नमुना म्हणून एका घरी ठेवली होती. ती न उघडता दोन पिशव्यांत गुंडाळून जिल्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्यांकडे दिली आहे आणि लेखी पोच घेतली आहे. क्लासिकल स्वाइन फीवरच्या लसीसाठी ६४ डुकरांची यादी वयासह नोंदवली, त्यात गाभण माद्या वेगळ्या दाखवल्या आहेत. हॉटेलातल्या खरकट्यातूनही विषाणू येऊ शकतो, म्हणून डुकरांसाठी ते आणणे तीन घरांनी बंद केले. बाकीच्यांना ते उकळून देण्यासाठी सरपण पुरत नाही, त्यावर काय करता येईल हे पाहतो आहे. कोणाकडे कमी सरपणात चालणाऱ्या मोठ्या चुलीचा आराखडा असेल तर कृपया इथेच द्यावा.